एसीवाल्यांचा टू-स्टेज व्हॅक्युम पंप, फ्युजरसाठी आठ महिने वापरून

आधीच सांगून टाकतो, हा पाण्याचा पंप नव्हे. खोक्यावर ‘पंप’ वाचून गल्लीतल्या तिघांनी विचारलं किती फुटावरनं पाणी ओढतो म्हणून, आणि आमच्या आईनं तर मी परसात बोअर मारायच्या बेतात आहे असंच धरलं होतं. हा हवा ओढायचा पंप. एसी बसवणारी पोरं गॅस भरायच्या आधी पाइपातली हवा आणि ओल काढायला वापरतात ना, तोच. दोन स्टेजचा, रोटरी व्हेनवाला, पाव एचपी मोटरचा. फेब्रुवारीत ऑनलाइन मागवला, साडेनऊ हजारांना पडला, बेळगावातल्या शहापूरला घरपोच आला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण रंग आणि स्टिकर बदलून असलाच पंप चारपाच नावांनी विकायला असतो, एकट्यालाच धरून काय उपयोग.

एसी दुरुस्तीसाठी घेणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, तुमच्यासाठी पंप ठीक आहे, घ्या. पण माझ्यासारखे काही खुळे असतील, ज्यांना फ्युजर करायचाय, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे, कारण मी घ्यायच्या आधी मराठीत एक ओळ सापडली नव्हती.

फ्युजर म्हणजे काय तर, एक बंद भांडं, त्यातली जवळजवळ सगळी हवा काढायची, मधोमध तारेची छोटी पोकळ जाळी टांगायची आणि त्या जाळीला हजारो व्होल्टचा निगेटिव्ह दाब द्यायचा. उरलीसुरली हवा फुटून तिचे पॉझिटिव्ह आयन होतात, ते सगळीकडनं जाळीकडे ओढले जातात, जाळीच्या भोकांतनं आत घुसतात आणि मधे एकमेकांवर आपटतात. हवेच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, आणि दाब वीस-तीस हजार व्होल्टच्या पुढं असला तर त्यातले थोडेसे खरोखर एकमेकांत मिसळतात. ते फ्युजन. सूर्यात चालतं त्याच्याच घराण्यातलं. ही आयडिया फायलो फार्न्सवर्थची, ज्यानं १९२७ मधे इलेक्ट्रॉनिक टीव्हीवर पहिलं चित्र दाखवलं तोच माणूस. म्हातारपणी १९६० च्या दशकात आयटीटी कंपनीच्या लॅबमधे तो ह्याच्यामागं लागला, आणि रॉबर्ट हर्श म्हणून एकजण त्याच्यासोबत होता, त्यानं १९६७ ला जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्समधे पेपर छापला. तेव्हापासून जगभर गॅरेजमधे, कॉलेजात, शाळेतली पोरंसुद्धा हे करतात. अमेरिकेत बारा-चौदा वर्षांच्या पोरांनी फ्युजनचा पुरावा म्हणून न्यूट्रॉन काढून दाखवलेत. आपल्याकडं त्या वयाला पोरं सायन्स एक्झिबिशनला थर्मोकोलचा ज्वालामुखी नेतात, असो.

आता मुद्द्याचं. माझ्या मशीनमधे फ्युजन होत नाही. हे ठळक अक्षरात लिहायची सोय असती तर लिहिलं असतं. मी ड्युटेरियम आणलेलं नाही आणि आणणारही नाही. माझा आहे डेमो फ्युजर, नुसत्या हवेवर चालणारा, सहा हजार व्होल्टवाला. आत प्लाझ्मा, म्हणजे विजेनं चमकणारा वायू दिसतो, जाळीच्या मधोमध ताऱ्यासारखा उजेड दिसतो, त्यालाच मी तारा म्हणतो, बास. न्यूट्रॉन काढायचे तर तो किरणोत्सर्ग निर्माण करणारा प्रकार झाला, त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, अणुऊर्जेचा कायदा आहे, किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम आहेत. घरात गुपचूप करायची ती गोष्ट नाही. कुणाला खरंच तिथवर जायचं असेल तर एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधनं, रीतसर कागद करून जा. शेजारच्या काकांनी मला रस्त्यात गाठून हळूच विचारलं होतं, “कैगा घरातच काढलास काय रे?” कैगाचा अणुवीज प्रकल्प आमच्यापासून लांब नाही, खाली कारवारकडं, म्हणून भीती वाटणं साहजिक आहे. पण तिथं युरेनियमचा अणू फोडतात, इथं हलके अणू जोडायचे असतात, आणि माझ्याकडं तर तेही होत नाही. काकांना हे सांगितलं, त्यांचा विश्वास बसलेला नाही.

आणि ह्यातनं वीज काढायचं स्वप्न बघणाऱ्यांनी पण थांबावं. एखाद्या हौशी माणसाचा चांगला चाललेला फ्युजर सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन देतो असं धरा. ड्युटेरियमची एक टक्कर जमली तर कधी हेलियम-३ आणि न्यूट्रॉन निघतो, कधी ट्रिटियम आणि प्रोटॉन, साधारण निम्मं निम्मं, म्हणजे सेकंदाला वीस लाख टकरा. सगळी ऊर्जा मोजली तर हिशेब येतो एका मायक्रोवॅटच्या आसपास. आणि आत घालायची वीज? तीस हजार व्होल्ट आणि दहा मिलिअँप म्हणजे तीनशे वॅट. सोन्याचा मुलामा द्यायला सोन्याची वीट झिजवल्यासारखं. बहुतेक आयन जाळीवर आपटून तिला तापवतात, जे वाचतात ते एकमेकांना चाटून निघून जातात, जुळत नाहीत.

मग हे करायचं कशाला? तर बघायला. त्याबद्दल खाली लिहितो.

हा पंप घेण्याआधी मी भंगारातल्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर दोन महिने घालवले. नका घालवू. तो हजारो मायक्रॉनच्या खाली जायचं नाव घेत नाही. मायक्रॉन म्हणजे पाऱ्याचा एक हजारांश मिलिमीटर, समुद्राकाठी हवेचा दाब ७६० मिलिमीटर म्हणजे ७ लाख ६० हजार मायक्रॉन. तारा दिसायला आपल्याला खाली चाळीस-पन्नासपर्यंत यावं लागतं. हाय व्होल्टेज मिळवणं त्यामानानं सोपं, एलईडी आल्यापासून जुने निऑनचे बोर्ड उतरवलेत त्यांचे ट्रान्सफॉर्मर मिळतात. व्हॅक्युम काढणं हेच खरं काम. माझ्या हिशेबानं ह्या छंदातले दहातले आठ दिवस गळती शोधण्यात जातात, एक दिवस तेल बदलण्यात आणि एक दिवस तारा बघण्यात.

पंप आल्याआल्या माझी विक्रेत्याशी भांडाभांडी झाली, ती आधी सांगतो कारण चूक माझी होती. सोबत एक साधा काट्याचा गेज आला होता, इंच मर्क्युरीवाला. पंप चालू केला, काटा सरसर फिरला आणि सत्तावीसच्या जरा पुढं जाऊन थांबला. पुढं जाईनाच. अर्धा तास चालवला, तेल बदललं, नळी बदलली, काटा तिथंच. विक्रेता मुंबईचा, त्याला व्हिडिओ पाठवला, त्यानं उलट त्याच्याकडचा व्हिडिओ पाठवला, त्यात काटा तीसला टेकायला आलेला. मी म्हटलं बघा, तुमचा चालतो माझा चालत नाही, बदलून द्या. तो म्हणाला पंप बरोबर आहे. मी वन स्टार द्यायची धमकी दिली. शेवटी खानापूरला आमचे एक रिटायर्ड फिजिक्सचे सर राहतात त्यांना फोन लावला, तर ते पोट धरून हसायला लागले. “अरे तू राहतोस कुठं? बेळगाव समुद्रापासून साडेसातशे मीटर उंच हाय की! तुझ्याकडं हवेचा दाबच सत्तावीस इंच आणि काहीतरी असणार, मग पंप तीस कुठनं दाखवणार?” डोक्यात उजेड पडला. काट्याचा गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून सांगतो, बाहेरच दाब ७६० च्या ऐवजी ६९५ च्या आसपास असला तर सगळी हवा काढली तरी आकडा सत्तावीसच्या थोडा पुढंच. विक्रेत्याला माफीचा मेसेज टाकला. त्यानं नुसता अंगठा पाठवला. म्हणून बेळगाव, खानापूर, चंदगडकडच्या लोकांनो, काटा तीसला जात नाही म्हणून पंप परत करू नका.

तो गेज तसाही आपल्या कामाचा नाही. हवेचा शेवटचा हजारावा भाग राहिलाय की दहा हजारावा हे त्याला कळत नाही, त्याच्या लेखी दोन्ही सारखंच. एसीवाल्यांचा डिजिटल मायक्रॉन गेज वेगळा घ्यावा लागतो आणि त्याला पैसे घालायला कंजूषी करू नका. तो नेहमी उभा, वरच्या बाजूला लावा, आडवा लावला तर पंपाचं तेल आत जातं आणि मग तो वाट्टेल ते आकडे दाखवतो, माझा एक असाच गेला.

खोक्यावर पंधरा मायक्रॉन लिहिलंय. पंपाच्या तोंडालाच थेट गेज लावून, नवीन तेल घालून, तासभर गरम करून मला मिळाले अठ्ठावीस. पंधरा कधीच दिसले नाहीत. ह्यासाठी अर्धा स्टार कापलाय, पण खरं सांगायचं तर माझ्या कामाला अठ्ठावीस पुरतात. खरा फ्युजर करणाऱ्यांना ह्या पंपाच्या वरती डिफ्युजन पंप किंवा टर्बो पंप लावावाच लागतो, आधी आतली घाण हवा पार काढून मग मोजून ड्युटेरियम सोडतात, नुसत्या ह्या पंपावर ते होणार नाही.

भांडं जोडलं आणि आकडा अडकला एकशे चाळीसवर. भांडं म्हणजे शाळेच्या लॅबमधे घंटी घालून आवाज बंद होताना दाखवतात ती काचेची हंडी, बेल जार, खाली पंचवीस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची प्लेट. एकशे चाळीसवर सगळी हंडी नुसती जांभळट धुक्यानं भरते, ट्यूबलाइट खराब झाल्यासारखी. तारा नाही. पंपाची एसीवाली पितळी फ्लेअर नळी, तिच्यावर टेफ्लॉन टेप, तिच्यावर अजून टेप, सगळे धंदे केले. तीन आठवडे गेले. शेवटी प्लेट उचलून स्कूटरवर बांधली आणि उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत गेलो.

इथं पंपाचा रिव्ह्यू थोडा बाजूला ठेवतो कारण त्या वर्कशॉपबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. नाव टाकू नको म्हणाले वर्कशॉपवाले मामा, आधीच कामं पेलवत नाहीत, तुझ्यासारखे अजून चार आले तर लेथ बंद करून बसावं लागेल. हायड्रॉलिक सिलेंडरची कामं करतात. बेळगावात हायड्रॉलिक आणि फाउंड्रीचं काम किती आहे हे बाहेरच्यांना माहीत नसतं, लोकांना कुंदा तेवढा माहीत. मी प्लेट दाखवली, म्हटलं हवा आत येतेय, कुठनं येतेय कळत नाही. मामांनी चष्मा वर केला, ओ-रिंगच्या, म्हणजे हवाबंद करणाऱ्या रबरी कडीच्या, खाचेवर नख फिरवलं आणि म्हणाले, “ही कुणी पाडली?” मी पाडली होती, ड्रिल मशीनवर, कशी ते विचारू नका. खाचेत आडवे ओरखडे होते, म्हणजे आतनं बाहेर जाणारे, प्रत्येक ओरखडा म्हणजे एक बारीक पाइप. “आम्ही तेल बाहेर येऊ नये म्हणून खाच पाडतो, तुला हवा आत येऊ नये म्हणून पाहिजे. एकच की.” लेथवर प्लेट धरली, मशीनवरच्या पोराला कानडीत काय तरी सांगितलं, पोरगं म्हणालं “आगतैति री”, म्हणजे होतंय जी, आणि वीस मिनिटात आरशासारखी खाच. पितळी फ्लेअर काढून टाकली, त्याच्या जागी पंचवीस मिलिमीटरचं ओ-रिंगवालं फ्लँज टर्न करून दिलं, नळी जाड केली. नळी बारीक असेल तर पंप कितीही चांगला असू दे, शेवटी हवा एकेका रेणूनं चुकूनमाकून नळीत शिरते, दार अरुंद तर बाहेर कधी पडणार.

घरी येऊन लावलं, नव्वद. चांगलं, पण अजून तारा नाही, आणि एक गंमत, पंप बंद करून व्हॉल्व लावला की आकडा आधी भराभर चढायचा आणि मग दमायचा. बाहेरनं गळती असती तर चढतच राहिला असता. परत मामा. ह्यावेळी त्यांनी बोल्ट बघितले. जाळीचा खांब धरायला मी प्लेटमधे बंद भोकं पाडून, म्हणजे आरपार नसलेली, चुडी काढून बोल्ट बसवले होते. मामा म्हणाले बोल्टाच्या बुडाखाली हवा अडकलीय, ती चुडीच्या वाटेनं हळूहळू आत येतेय, सिलेंडरमधे हवा राहिली की आम्ही ब्लीड करतो, तशीच ही. बोल्टाच्या पोटातनं आरपार एक मिलिमीटरचं भोक पाडून दिलं चारही बोल्टांना. म्हणजे आत अडकलेली हवा एकदम निघून जाईल. त्या कामाचे पैसेच घेतले नाहीत, प्लेट आणि फ्लँजचे मिळून अठराशे घेतले होते आधीच. ह्याला पुस्तकात व्हर्च्युअल लीक म्हणतात हे मला नंतर कळलं. मामांना ते नाव माहीत नव्हतं, कारण मात्र एका नजरेत कळलं. वर्कशॉपला पाच स्टार, एकच तक्रार की ‘उद्या या’ म्हटलं की परवा जावं, उद्या काही झालेलं नसतं.

ॲसिटोननं आतनं पुसून, हेअर ड्रायरनं तासभर गरम करून, रात्री साडेदहाला आकडा आला एक्केचाळीस. बाहेरच्या हवेचा सतरा हजारावा भाग. लाइट बंद केली, ट्रान्सफॉर्मरचा दाब हळूहळू वाढवला. आधी तेच जांभळं धुकं, मग ते आकसायला लागलं, आकसत आकसत मधल्या जाळीत गोळा झालं, आणि जाळीच्या प्रत्येक भोकातनं एक एक किरण बाहेर आला. काकडआरतीला देवळात काळोख असतो आणि एकच समई असते ना, तसं वाटलं. मधे पांढरट निळा ठिपका, लिंबाच्या बीएवढा. आईला हाक मारली. ती दारातच उभी राहिली, “काय करूलास रे मध्यरात्री,” म्हणाली, मग गप्प झाली आणि बराच वेळ बघत राहिली. सहा हजार व्होल्टनं आयन पळतो म्हणजे हिशेबानं सात कोटी डिग्री केल्विनच्या बरोबरीची ऊर्जा त्याच्यात असते, कारण एका इलेक्ट्रॉन-व्होल्टला साधारण ११,६०० केल्विन पडतात, आणि सूर्याच्या पोटात दीड कोटी आहे. अर्थात इतके थोडे कण की हंडीची काच हातानं कोमट लागते, एवढंच. तापते ती जाळी, दहा मिनिटात लालसर होते. जाळी स्टेनलेस तारेच्या तीन कड्यांची आहे, आधी ती डाग देऊन जोडली होती, तो डाग तापून उडाला आणि काचेवर आतनं चंदेरी लेप बसला, धुवायला दोन दिवस. मग ई-बाइकच्या बॅटऱ्या बांधणाऱ्या एका पोराकडच्या स्पॉट वेल्डरवर जोडून घेतली, वीस रुपये घेतले त्यानं आणि चहा.

आता पावसाळ्याचं, कारण पंपाची खरी परीक्षा तिथंच झाली. जुलैमधे आमच्याकडं भिंतीलासुद्धा बुरशी येते, हवेतली ओल किती असेल विचार करा. पंप ती ओल ओढतो, आत दाबतो, तिचं पाणी होतं आणि तेलात मिसळतं. काचेतनं बघितलं तर तेल ताकासारखं पांढरं झालेलं, आकडा दोनशेच्या खाली येईना. ह्यावर पंपाला एक छोटा बुच असतो, गॅस बॅलास्ट, तो अर्धा उघडा ठेवून वीस मिनिटं चालवायचा, थोडी बाहेरची हवा आत घेऊन तो पाणी वाफेतच बाहेर फेकतो, तेल परत पारदर्शक होतं. हा बुच ह्या पंपाला आहे आणि चांगला चालतो, ह्यासाठी पूर्ण मार्क. काही स्वस्त पंपांना हा नसतो, पावसाळी गावात राहणाऱ्यांनी तसला घेऊच नये. पुस्तिकेत ह्याबद्दल दीड ओळ आहे, तीही चिनी माणसानं इंग्रजीत लिहिल्यासारखी.

तेल व्हॅक्युम पंपाचंच घाला. मी एकदा शहाणपणा करून गाडीचं इंजिन ऑइल घातलं, तीनशे मायक्रॉनच्या खाली उतरेना, त्यातले ॲडिटिव्हच वाफ होऊन आत फिरतात. ते धुवून काढायला तीन वेळा नवं तेल वाया गेलं. पैसे वाचवायला गेलो आणि तिप्पट घातले.

आणि सगळ्यात मोठा दोष, ज्यासाठी पूर्ण एक स्टार कापलाय. खोक्यावर लिहिलंय तेल उलटं चढू नये म्हणून आत व्हॉल्व आहे. जुलैच्या एका संध्याकाळी विजा चमकत होत्या, तारा मस्त लागलेला, आणि लाइट गेली. पंप थांबला. हंडीत व्हॅक्युम, पंपाच्या पोटात तेल, आणि बाहेरची हवा ढकलायला बसलेलीच. टॉर्च शोधेपर्यंत तेल नळीतनं वर चढून प्लेटवर आलं होतं, जाळीवर, खांबावर, सगळीकडं. तो व्हॉल्व असेलच तर नावाला आहे. गणपतीपर्यंत मी ॲसिटोन आणि कापूस घेऊन बसलेलो होतो. आता मधे एक सोलेनॉइड व्हॉल्व बसवलाय, लाइट गेली की स्वतःच बंद होतो. हा पंप घेणार असाल तर तो पहिल्याच दिवशी बसवा, माझ्यासारखं शिकून बसवू नका.

बाकी बारीकसारीक. संध्याकाळी व्होल्टेज कमी असतं तेव्हा मोटर नुसती गुंगुं करते, उठत नाही, कपॅसिटर बदलला ऐंशी रुपयांना तेव्हा बरी झाली, विक्रेता वॉरंटीत पाठवतो म्हणाला होता तो अजून पाठवतोयच. एक्झॉस्टमधनं तेलाचा धूर येतो, स्वयंपाकघरापर्यंत वास जातो, आईनं अल्टिमेटम दिल्यावर पाइप लावून खिडकीबाहेर काढला, तर समोरच्या काकू धावत आल्या की तुमच्याकडं काय तरी जळतंय. एप्रिलच्या उन्हात चाळीस मिनिटांच्या पुढं चालवू नका, हात लावता येत नाही इतका तापतो. आवाज मिक्सरपेक्षा कमी.

विजेबद्दल थोडं, पंपाच्या रिव्ह्यूत बसत नसलं तरी. हा ट्रान्सफॉर्मर ९००० व्होल्ट, ३० मिलिअँपचा, मधला टॅप अर्थला, मायक्रोवेव्ह ओव्हनचे डायोड लावून डीसी केलेला. तीस मिलिअँप माणूस मारायला पुरतात, झटका बसून शिकायची ही गोष्ट नव्हे. मी एकटा असताना कधी चालू करत नाही, एक हात खिशात, बंद केल्यावर अर्थच्या काठीनं जाळीला टेकवल्याशिवाय जवळ जात नाही, आणि जे टीव्ही-स्टॅबिलायझर उघडून बघितलेले नाहीत त्यांनी इथनं सुरुवात करू नये. हंडीवर पॉलीकार्बोनेटचा डबा ठेवा, वीस सेंटिमीटर व्यासाच्या हंडीच्या डोक्यावर हवा तीनशे किलोनं दाबत असते, काच फुटली तर आत कोसळून मग बाहेर उडते. सहा हजार व्होल्टला तयार होणारे एक्स-रे इतके दुबळे की काचेतच मरतात, पण पंधरा-वीस हजारांच्या वर गेलात की काचेच्या खिडकीतनं बाहेर यायला लागतात, आणि ते दिसत नाहीत, वास येत नाही. म्हणून मी सहावर थांबलोय. कॉलेजची पोरं येतात बघायला, प्रत्येकजण विचारतो वाढवून बघूया की, आणि प्रत्येकाला नाही म्हणतो.

एका पोरानं विचारलं ड्युटेरियम मिळतं कुठं. म्हटलं तुझ्या नळाला येतंय की, राकसकोप धरणाच्या पाण्यातसुद्धा साधारण साडेसहा हजार हायड्रोजनमागं एक ड्युटेरियम असतो, लिटरभर पाण्यात काही मिलिग्रॅम, तीस-पस्तीस धरा. वेगळं काढणं हे मात्र हेवी वॉटरच्या कारखान्याचं काम, रायगडात थळला आहे तसला. तो घरी गेला आणि म्हणे आईला सांगून बसला की दादा म्हणतोय आपल्या नळाला अणुबॉम्बचं पाणी येतं. त्याच्या आईचा मला फोन.

तर पंपाला पाचपैकी साडेतीन. डेमो फ्युजरसाठी ह्यापेक्षा महाग घ्यायची गरज नाही. वर सांगितलेला सोलेनॉइड, बरं तेल, मायक्रॉन गेज आणि जाड नळी धरून अजून आठ-नऊ हजार बाजूला ठेवा, म्हणजे नंतर रडायला नको. बेळगाव-निपाणीकडचं कुणी घेणार असेल तर घ्यायच्या आधी येऊन बघून जा, मी शनिवारी संध्याकाळी तासभर चालवतो, पाऊस नसेल तर. एक सूचना फक्त. परवा खंडेनवमीला उद्यमबागेतल्या सगळ्या लेथना हार घातले, आमच्या आईनंही पंपाला हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी चालू केला तर आकडा सत्तरवर अडकलेला. एक्झॉस्टच्या तोंडात झेंडूची पाकळी गेली होती आणि गॅस बॅलास्टच्या बुचात कुंकू. चिमट्यानं काढलं, तेल बदललं, संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस.